इंजिनाच्या डोक्यावरचं कुंकू

पुंजारामच्या वावरात संत्र्याची चाळीस रोपं एप्रिलच्या उन्हात माना टाकून उभी होती. खरं तर ती त्याच्या बायकोची, मनकर्णाची. मागच्या पावसाळ्यात तिनं स्वतः शेंदूरजनाघाटला जाऊन, एकेक पान उलटं करून पाहत ती निवडून आणली. लावली, आणि दिवाळीनंतर वारली. ती रोपं जगवायची, एवढंच काम पुंजारामला उरलं होतं.

नाल्याकाठच्या त्या तुकड्यात वीज नव्हती. विहिरीतून पाणी उपसायला पेट्रोलचं छोटं इंजिन होतं. त्याचा कार्बोरेटर गेला, तेव्हा पुंजारामनं ते मोटरसायकलवर बांधून बार्शीटाकळीवरून अकोल्याला, जुन्या शहरात शेखर मिस्त्रीच्या दुकानात नेलं. शेखरनं नवा कार्बोरेटर बसवला.

घरी आणल्यावर पुंजारामनं पूजा केली. नवी वस्तू बिनपूजेची कशी चालवायची? दरवर्षी खंडेनवमीला इंजिनाची पूजा मनकर्णा करायची, टाकीच्या पोटावर तिच्या बोटाचा फिकट लाल डागही होता. पुंजारामला वाटलं, पोटाला कुठं कोणी कुंकू लावतं? त्यानं टाकीच्या झाकणावर, थेट डोक्यावर, ओल्या कुंकवाचा अंगठाभर टिळा लावला. वर अक्षता चिकटवल्या आणि नारळ फोडला.

इंजिन वीस मिनिटं चाललं, खोकललं आणि बंद पडलं. थोडा वेळ थांबून दोरी ओढली की चालू, मग पुन्हा बंद.

पुन्हा अकोला. शेखरनं खुंटीला टांगलेल्या पेट्रोलच्या बाटलीतून नळी लावली आणि इंजिन अर्धा तास बिनतक्रार चाललं.

"काका, याले काय झालं? हे तं गाणं म्हणून राहिलं."

"तुह्या दुकानात शहाणं हाय रे. वावरात गेलं की भैताड होते."

दवाखान्यातून घरी आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळतात. पुंजारामनं इंजिनावरूनही ओवाळला, दुसरा नारळ फोडला आणि टिळा आणखी जाड केला. या वेळी ते दहा मिनिटांत बंद पडलं.

मग शेखरच वावरात आला. त्यानं प्लग पुसला, पॅकिंग बदललं, कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे केला. नळी काढून पेट्रोलचा वास घेतला. शेवटी पुंजारामकडंच संशयानं पाहिलं.

"काका, तुमी याले काही बोलले तं नाई?"

"म्या काय बोलू? मी तं घरातही कोणाशी बोलत नाई आता."

शेखरनं हात पुसले. मग हळूच म्हणाला, "एक डाव नारळ फोडा."

"दोन फोडले."

"तिसरा फोडा. माह्या नावानं."

तिसरी पूजा झाली. शेखरनंही श्रद्धेनं झाकणावर आपला अंगठा दाबला. इंजिन दोन मिनिटांत बंद.

शेजारच्या वावरातली गोदाबाई बांधावर उभी राहून हे बघत होती. तिसऱ्या नारळाचं खोबरं खायला ती जवळ आली.

"भाऊजी, हे काय करून राहिले? इंजिनाची वरात हाय काय?"

"वयनी, चालूनच नाई राहिलं."

गोदाबाईनं झाकणावरचा लाल डोंगर पाहिला. "मनकर्णा कुठं लावे कुंकू?"

"पोटाले."

"काहून?"

पुंजारामनं झाकणाकडं पाहिलं. तीस वर्षं मनकर्णा एकच सांगायची. 'डोक्यावर नोका लावू, त्याले गुदमरते.' तीस वर्षं तो हसायचा. इंजिनाले काय नाक हाय?

त्यानं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीनं एवढी लांब हवा ओढली, की पुंजारामनं दचकून हात मागं घेतला.

शेखर कपाळावर हात मारून खालीच बसला. झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. नाही आली, तर पेट्रोलही उतरत नाही. ते भोक तीन टिळ्यांनी लिंपलं होतं आणि त्यात अक्षतेच्या एका दाण्याचं टोक चपखल बसलं होतं.

"दुकानात बाटलीवर चालवलं म्या," शेखर पुटपुटला, "म्हणून तिथं चाललं."

"आणि तू मले नारळ फोडाले लावला," पुंजाराम म्हणाला.

गोदाबाईनं बांगडीतली पिन काढून दिली. पुंजारामनं दाणा काढला, झाकण घासून धुतलं. दोरी ओढली. इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. शेखरनं दर पाच मिनिटांनी मोबाइलमध्ये पाहिलं, मग पाहणं सोडून खोबरं खाल्लं.

पाणी एकेका आळ्यात भरत शेवटच्या चाळिसाव्या रोपापाशी पोचलं. पुंजारामनं त्या रोपाचं एक पान उलटं करून पाहिलं, मनकर्णा पाहायची तसं. काय पाहायचं असतं, ते त्याला माहीत नव्हतं. तरी पाहिलं.

परत येऊन त्यानं उरल्या कुंकवात बोट बुडवलं आणि टाकीच्या पोटावर, त्या फिकट डागावरच टेकवलं.

"नीट सांगावं तं खरं," तो म्हणाला.

मग त्याला आठवलं, तिनं सांगितलं होतं. दरवर्षी.