यादीतली एक बाई

त्या दिवशी ट्यूनिसच्या आरोग्य कचेरीत डॉक्टर हायेत इतकी जळत होती, की तिच्या टेबलावरचा पुदिन्याचा चहा दुपारपर्यंत आपोआप उकळत राहिला. खोटं वाटत असेल तर शेजारच्या टंकलेखकाला विचारा. त्यानं त्यात अंडी उकडून खाल्ली.

कारणही तसंच होतं. बारा देशांच्या लसीकरणाचा प्रमुख निवडायचा म्हणजे तीन नावांची यादी, आणि नियमानं तीत एक तरी बाई. मागे चार वेळा ती बाई हायेत होती. चारही वेळा निवडला गेला तो पुरुष. यंदा साहेबांनी, सी मोंजींनी ('सी' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'), तिच्याऐवजी रौदाचं नाव घातलं. भर वाळवंटात लशी थंड कशा ठेवायच्या, हे जिला हायेतनंच शिकवलं, त्या रौदाचं!

दातओठ खात, खजुराच्या मकरूद मिठाईचं ताट घेऊन ती रौदाच्या खोलीत गेली.

"कशी झाली गं मुलाखत?"

"चार मिनिटं, लल्ला." थोरलीला तिकडे लल्लाच म्हणतात. "दौऱ्यावर गेलात तर पोरांना कोण बघणार, एवढंच विचारलं."

"चार? मला मेल्यांनी तीनच्या वर कधी दिली नाहीत!"

बोलली आणि स्वतःच चपापली. एका मिनिटावरून जळतोय आपण?

"माझ्याआधीच्या गृहस्थांना तासभर," रौदा म्हणाली. "दोनदा कॉफी गेली आत. मी नाव मागे घेतेय."

बाईविना यादी बाद! सी मोंजी धापा टाकत हायेतच्या खोलीत आले. "हायेत, यादीत तुझं नाव घालतो, तू सही कर बाई. तुझ्या अनुभवाला तोड आहे का?"

हायेतचा हात पेनाकडे गेलाच. रौदा वाटेतून दूर झाली होती. पण हात मध्येच थांबला.

"नियमात 'एक तरी' लिहिलंय ना? मग दोन घाला. तिचं आणि माझं. दोघींनाही तासभर, कॉफीसकट."

"दोन बायका, एकच पुरुष? लोक काय म्हणतील?"

"दोन पुरुष असायचे, तेव्हा काय म्हणाले?"

दुसरा मार्गच नव्हता. रौदालाही बोलावून, दोघींच्या सह्या घेऊन सी मोंजी गेले. रौदा दारात रेंगाळली.

"माझीच निवड झाली तर, लल्ला?"

"जळेन की! तुझ्या गच्चीवरची कबुतरं भाजून निघतील. पण खुर्चीवरून जळेन, यादीतल्या कोपऱ्यावरून नाही."

"मग तयारी एकत्र करू या?"

"वेडी आहेस का? जाताना दार लाव."