रेघ नसलेली पट्टी

लिसार्दो पिंचीच्या गळ्यात दोन वस्तू लोंबत असत. एक मेरीमातेचं पदक, ते आईने घातलेलं. दुसरी रक्त तपासायची प्लास्टिकची पट्टी, ती त्याने स्वतःच दोऱ्यात ओवलेली. उकायाली नदीवर होडीतून मीठ, साबण, बॅटऱ्या नि गोळ्या विकत फिरणारा हा गडी गावोगाव छाती काढून ती पट्टी दाखवायचा. "बघा, एक तरी रेघ दिसते का? धुतल्या तांदळासारखा आहे मी!"

हे ऐकलं की त्याच्या बायकोला, झोइलाला, हसू यायचं. ते काही प्रेमाचं हसू नव्हतं.

झोइलाला सातवा महिना लागला होता. गेल्या खेपेचं बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातल्या नेलिदा नर्सने तेव्हा तिच्या बोटाचं रक्त पट्टीवर टाकलं आणि दोन रेघा उमटल्या. सिफिलिस. झोइलाच्या आयुष्यात लिसार्दोशिवाय पुरुष आला नव्हता. लिसार्दोच्या आयुष्यात मात्र नदीवरचा प्रत्येक धक्का येऊन गेला होता. तिने मुकाट्याने सुया घेतल्या, बरी झाली. या खेपेला रक्त शहरात पाठवलं तर रोग परत आलेला.

"तुला पुन्हा सुया दिल्यात," नेलिदा म्हणाली होती. "पण त्याने घेतल्या नाहीत तर तो तुला रोग परत देणार, आणि हेही बाळ हातचं जाईल. आण त्याला. आणि हो, पट्टीवर तुझ्या दोन रेघा आता बहुतेक मरेपर्यंत उमटणार. बरी झालीस तरी. घाबरू नकोस, पट्टीला जुना रोग नि नवा रोग यातला फरक कळत नाही."

झोइलाने नवऱ्याला सांगून पाहिलं. हा शहाणा काय करतो? कुठल्याशा बंदरातून पट्ट्यांचं खोकं स्वस्तात उचलतो, सगळा उन्हाळा होडीच्या पत्र्याखाली इंजिनाशेजारी भाजत ठेवतो, मग त्यातली एक स्वतःवर वापरतो. कोरी! झालं. तेव्हापासून नुसती मिजास. शिवाय धंदाही सुरू. लग्नाळू पोरं, संशयी बायकांचे नवरे, सगळे त्याच्याकडून पट्टी घेत आणि कोरी बघून गळ्यात बांधत. शेंबूड पुसायची अक्कल नाही अशांना लिसार्दो पवित्र ठरवत सुटला होता.

सासू, दोन्या एर्मेलिंदा, तर नाकाने कांदे सोलायला बसलेलीच होती. सान हुआनच्या सणाच्या आदल्या दिवशी धक्क्यावर बायका भात नि कोंबडी पानात बांधून हुआने करत होत्या, तेव्हा तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सुनावलं, "माझ्या पोराची पट्टी कोरी, हिच्यावर दोन रेघा. घाण कुठून आली हे सांगायला पाद्रीबाबा कशाला हवा?"

झोइलाने हातातलं पान खाली ठेवलं. इतके दिवस ती गिळत आली होती. आता पोटातलं लाथ मारत होतं आणि समोर हा मूर्ख होडीत उभा राहून नाचाला जाणाऱ्या पुरुषांना पट्ट्या विकत होता. तिला त्याची किळस आली.

ती होडीपाशी गेली. "लिसार्दो, मलाही एक दे."

"तुला कशाला? तुझं काय ते गावाला माहीत आहे."

"म्हणूनच. सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

"दे रे तिला!" सासू हात पुसत पुढे आली. "दोन रेघा बघितल्याशिवाय मला हुआने गोड लागायचे नाहीत."

झोइलाने बोट टोचलं, रक्ताचा थेंब टाकला, वर औषधाचे थेंब सोडले आणि पट्टी सासूच्याच हातात दिली. लोक जमले. लिसार्दो तेवढ्यात दोन फालतू विनोद करून मोकळा झाला. ठरलेली मिनिटं झाली. दोन्या एर्मेलिंदाने पट्टी डोळ्यांशी नेली, उलटी केली, उन्हात धरली.

"काय दिसतंय, सासूबाई?"

"काही नाही."

"मोठ्याने सांगा ना. मघाशी आवाज चांगला होता."

"कोरी आहे," म्हातारी पुटपुटली.

"मग मी धुतल्या तांदळासारखी! आता सगळ्यांसमोर माझी माफी मागा. का ही पट्टी खोटी? खोटी असेल तर तुमच्या बाब्याच्या गळ्यात काय लोंबतंय?" ती बायकांकडे वळली. "अगं, तुम्ही सगळ्या पोटुशा असताना दवाखान्यात जाऊन आलात. रोग नसला तर किती रेघा येतात?"

"एक," मागून एकजण म्हणाली. "माझी एक होती."

"माझीपण एकच. ती तर यायलाच हवी, नर्सबाई म्हणते."

"यायलाच हवी! ती आली नाही तर पट्टी मेलेली. या पट्टीवर माझं रक्त घाला नाहीतर नदीचं पाणी, सारखंच. दवाखान्याची पायरी कधी चढला असता तर कळलं असतं तुम्हा पुरुषांना."

 मग बायका एकेक करून उठल्या आणि आपापल्या नवऱ्याच्या गळ्याकडे बघू लागल्या. पुरुषांनी लिसार्दोकडे बघितलं. होडीतून उतरायला एकच फळी होती आणि त्या फळीवर झोइला उभी होती.

"चल," ती म्हणाली.

दवाखान्यात नेलिदाने त्याला पालथं झोपवलं. सुई पाहूनच तो बोकडासारखा ओरडू लागला. बाहेरच्या बाकावर गावातले पवित्र पुरुष ओळीने बसले होते. काहींच्या गळ्यात पट्ट्या अजून तशाच होत्या, आणि प्रत्येकाच्या मागे त्याची बायको उभी होती.

"झोइला, माझा हात धर गं!" लिसार्दो कळवळून म्हणाला.

झोइलाचे दोन्ही हात पोटावर होते. "दे सुई, नेलिदा," ती म्हणाली, आणि हात तिथून हलवले नाहीत.