कात्र्याने बेतलेला कोट

दुकानात दोघं होते. एक कापायचा, दुसरा शिवायचा. कापणाऱ्याला सगळे कात्र्या म्हणत. तो जाऊन वर्ष होत आलं, तरी शिंपी अजून त्याचीच टेप गळ्यात घालून बसे, चहा दोघांचा मागवी आणि मशीन थांबलं की पाठीमागे कात्री चालल्याचा आवाज ऐके. पण वळून बघत नसे. वळलं की टेबल रिकामं दिसायचं.

घरच्यांनी या सगळ्याचा अर्थ केव्हाच लावला होता. स्थळ घेऊन कुणी आलं की आई त्याला दारातूनच वाटेला लावी. शिंप्याला वाटे, किती समजूतदार माणसं! मैत्रीची केवढी कदर!

एका संध्याकाळी तो कात्र्याच्या बहिणीला घरी घेऊन आला. ती दुकानातली काज-बटणं करायची. "आम्ही लग्न करतोय," तो म्हणाला.

आत्या ताडकन उठली. "अरे, लाज आहे का? मेहुणी ना ती तुझी!"

"मेहुणी?"

"मग काय! तुझा माणूस गेला आणि त्याच्याच बहिणीशी..."

शिंप्याची हसता हसता पुरेवाट झाली. "अगं आत्या, मित्र होता तो माझा! नुसता मित्र!"

"नुसता?" आत्याचा चेहराच पडला. "आणि मी तुमच्यापायी शेजारणीशी उभा दावा मांडला!"

आईही पदरात तोंड लपवून हसायला लागली. बाबा मात्र हसले नाहीत.

"मग मी दवाखान्यात काय बोलून बसलो?" ते म्हणाले. "मला पचायला वेळ लागला रे. शेवटी त्याच्या उशाशी गेलो. म्हटलं, तूही माझा मुलगाच. आधी सांगायचं होतंत."

"काय म्हणाला तो?"

"एरवी मला काका म्हणायचा. त्या दिवशी बाबा म्हणाला. हात सोडेना. आणि म्हणाला, याला यातलं काही सांगू नका."

हसणं जागच्या जागी विरलं. शिंप्याने कात्र्याच्या बहिणीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो. दुकानातल्या कपाटात कोट पडलाय, तुझ्या लग्नासाठी त्याने बेतलेला. तू त्याला हातही लावला नाहीस. तो शिव, मग लग्नाचं बोलू. त्याला असा अर्धवट ठेवून मी नाही येणार."

दुसऱ्या दिवशी त्याने कोटाचे तुकडे टेबलावर पसरले. डावा खांदा बोटभर उतरता कापलेला. आजारपणात हात चुकला बिचाऱ्याचा, असं म्हणत त्याने तो सारखा करायला कात्री उचलली.

"थांब," ती म्हणाली. "आहे तसाच शिव."

त्याने कच्चे टाके घातले आणि कोट चढवला. कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही. आरशात बघताना त्याला कळलं, आपला डावा खांदाच उतरता आहे. इतक्या वर्षांत कात्र्याने त्याच्या अंगाला एकदाही टेप लावली नव्हती.

पाठीमागे कात्रीचा आवाज झाला. या वेळी तो वळला. टेबल रिकामंच होतं.

"अरे, सांगायचं तरी," तो रिकाम्या टेबलाला म्हणाला आणि रडू लागला.

तिने डोळे पुसले, खडू घेतला आणि त्याच्या छातीवर काजांच्या खुणा करू लागली.