चिठ्ठीची घडी

वैद्यकीय महाविद्यालयातली मुलं तिला ‘रांगवाल्या मॅडम’ म्हणत, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. म्हणोत बापडी! अडीच वर्षं खपून तिने नवा अभ्यासक्रम उभा केला होता: आजार कुणाला आधी गाठतो, उपचार कुणाला गाठतच नाहीत आणि मधल्या मध्ये माणूस कुठे गळतो. त्याचा कणा म्हणजे रांगेचे बारा तास. पहिल्या वर्षाच्या मुलांनी पांढरा कोट काढून ठेवायचा, एका रुग्णाच्या घरी जायचं, तिथून त्याच्यासोबत रुग्णालयात येऊन प्रत्येक रांगेत उभं राहायचं आणि तो परत दाराशी पोचेपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही.

आज त्या बारा तासांचा निकाल लागायचा होता. सक्तीचे राहिले तर ठीक. ऐच्छिक झाले की संपलंच. ज्या तासाला मार्क नाहीत, त्याच्याकडे एक चिटपाखरूही फिरकत नाही.

समितीत सुरुवातीला अकरा जण होते. एकेकाला महत्त्वाची कामं निघत गेली आणि उरले तिघे: अधिष्ठाता, एक ज्येष्ठ सर्जन आणि ती. मसुदे तिने एकटीने लिहिले, एकटीने खोडले. घरी कुणी नव्हतंच. दर रविवारी फोनवर हे सगळं ऐकून घेणारी एक ताई होती. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, तरी ‘बरं, मग पुढे?’ म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी ती गेली, आणि तेव्हापासून रविवार नुसता अंगावर येई.

सर्जननी कार्यपुस्तिका उघडली आणि चौथ्या केसवर बोट ठेवलं.

“बासष्ट वर्षांची बाई. पोटात गाठ. तीन बस बदलून येते, तर केसपेपरची खिडकी बंद. परत जाते ती चार महिने येतच नाही, आणि येते तेव्हा स्ट्रेचरवर. असं कुठे असतं का हो, मॅडम? एवढं दुखत असताना माणूस चार जणांना विचारील, ओळख काढील. ही केस तुम्ही घरी बसून रचलेली दिसते. बाकीच्या तरी खऱ्या कशावरून?”

“तसं असेल तर अवघड आहे,” अधिष्ठाता म्हणाले. “रचलेल्या केसवर सक्ती कशी करायची? ऐच्छिक ठेवू या ना. कुणालाच त्रास नको.”

तिच्या पर्समध्ये ताईची कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी होती. ती बाहेर काढायची नाही, असं ठरवूनच ती आली होती. पण अडीच वर्षांवर पाणी फिरताना समोर दिसत होतं.

“विचारलं तिने,” ती म्हणाली. “ओळखही काढली.”

तिने पिशवीतून घडी घातलेली एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. बैठक चालू असताना बाहेरच्यांच्या चिठ्ठ्या शिपाई आत आणून देई, आणि घडी न उघडताच ती वर ‘उद्या या’ लिहून परत करी. वेळ वाचे. या सवयीचं तिला कौतुकच होतं.

सर्जननी वरच्या ‘उद्या या’चं अक्षर ओळखलं; ते तिचंच होतं. मग घडी उघडली. आत लिहिलं होतं: ‘धाकटे, पाचच मिनिटं. बाहेर बाकावर बसलेय. ताई.’

“मी याच खुर्चीत होते,” ती म्हणाली. “रांगेचे तास किती ठेवायचे, यावर बोलत होते.”

“अहो, पण नंतर फोन तरी...”

“फोन व्हायचे की. दर रविवारी. मी विचारायचे, बरी आहेस ना? ती म्हणायची, मला काय धाड भरलीय, तुझ्या कामाचं सांग. आणि मी सांगत बसायचे.”

शाळेपासून तिच्या प्रत्येक अर्जासाठी ताई रांगेत उभी राहिली होती, अगदी याच महाविद्यालयाच्या प्रवेशासाठीसुद्धा. ‘तू अभ्यास कर, रांग मी बघते.’ रांगवाल्या मॅडम स्वतः कधी रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या. हे मात्र तिने त्या दोघांना सांगितलं नाही.

सर्जननी चिठ्ठी पुन्हा होती तशी घडी घालून तिच्यापुढे सरकवली. “सक्तीचेच राहू देत,” ते खाली बघत म्हणाले. अधिष्ठात्यांनी सही केली.

ती जिंकली होती. कुणाला सांगावं, असं मात्र कुणी उरलं नव्हतं. बाहेरच्या बाकापाशी तिची पावलं अडखळली. बाक रिकामा होता. ती खोलीत आली आणि दार लावून तिने चौथी केस काढली. लिहिताना एक वाक्य तिने गाळलं होतं. ते आता घातलं: ‘रुग्णाची धाकटी बहीण याच रुग्णालयात डॉक्टर होती.’ खाली प्रश्न लिहिला: ‘बहिणीने काय करायला हवं होतं? पाच गुण.’

प्रश्न काढणाऱ्यानेच नमुना उत्तर जोडायचं, हा तिनेच घातलेला नियम. मग तिने लिहिलं: ‘घडी उघडायची.’

वर्गात एकशेवीस मुलं होती. दरवर्षी त्यांतली बरीचशी हेच उत्तर लिहिणार होती, आणि त्यापुढे बरोबरची खूण तिलाच करायची होती.