आधी तू पी

घड्याळजींनी दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, पण डोळ्याला लावायचं भिंग काही सुटलं नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख असो की वर्तमानपत्रातली बारीक जाहिरात, भिंग लावून वाचल्याशिवाय या गृहस्थांना चैन पडत नसे. वाचावं हो माणसानं, पण कळलं नाही तर कुणाला विचारावं की नाही? ते मात्र त्यांच्या अंगात नव्हतं.

जिन्यात पडल्यापासून त्यांची हाडं दुखत होती. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं होतं, आणि सूनबाई दर रविवारी आठवणीनं एक पुडी कोमट दुधात ढवळून त्यांना द्यायची. एका रविवारी ओट्यावर रिकामी पुडी राहिली आणि यांनी भिंग लावलं. वर ठसठशीत अक्षरांत औषधाचं नेहमीचं नाव, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दुसरंच: कोलेकॅल्सिफेरॉल. फोनवर एकेक अक्षर दाबून त्यांनी ते शोधलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की हे उंदीर मारायच्या औषधात घालतात. पुढचं वाचायला थांबतो कोण? रिकामी पुडी त्यांनी गुपचूप खिशात टाकली.

मग काय, सगळं जुळायलाच लागलं. हल्ली भूक लागत नाही, ती यामुळेच. परवा रेडिओच्या आवाजावरून सूनबाईशी खटका उडाला होता, तो तिनं मनात धरला. मुलाला सांगावं तर तो बायकोच्या बाजूचा. शेवटी पुढच्या रविवारी त्यांनी लेकीला बोलावून घेतलं. सूनबाईनं दुधाचा पेला पुढे केला तसा तो त्यांनी सगळ्यांदेखत तिच्याकडे परत सरकवला.

"आधी तू पी."

तिला काही कळेना. मग त्यांनी उंदरांचं सगळं सांगून टाकलं. मुलगा ताडकन उठला, पण तिनं त्याला हातानं थांबवलं. तिथंच उभ्यानं तिनं पेला रिकामा केला, धुऊन पालथा घातला आणि आत निघून गेली. एवढ्यावर तरी गप्प बसावं! तर म्हणतात कसे, एका पेल्यानं काय होतंय, हे हळूहळू भिनतं.

लेकीनं त्यांना पुडीसकट खालच्या औषधाच्या दुकानात नेलं. दुकानदारानं पुडी बघितली आणि चार गिऱ्हाइकांसमोर सरळ सांगितलं.

"काका, हे ड जीवनसत्त्व आहे. उन्हातून मिळतं ना, तेच. उंदराला त्याच्या जिवाच्या मानानं भारंभार घालतात म्हणून तो मरतो. मीठसुद्धा तसं खाल्लं तर माणूस जगायचा नाही."

वर दुकानदार हेही म्हणाला, की पुड्या संपायच्या आत तुमच्या सूनबाई येऊन नवीन घेऊन जातात, अशी काळजी पोटच्या पोरीही घेत नाहीत. लेक शेजारीच उभी होती. घड्याळजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिना चढताना लेकीनं हात पुढे केला, तो धरायचीही त्यांना लाज वाटली.

स्वयंपाकघराच्या दाराशी ते बराच वेळ घुटमळले. चुकलो, नाव वाचून घाबरलो, एवढं कसंबसं बोलले. सूनबाई म्हणाली, असू द्या बाबा, होतं असं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भिंग त्यांनी खणात टाकलं.

पुढचा रविवार आला. तिनं त्यांच्यासमोरच पुडी फोडली, दुधात ढवळली, आणि पेला त्यांच्या हातात द्यायच्या आधी वाटीत थोडं दूध ओतून घेऊन स्वतः प्यायली.

"सूनबाई, हे नको गं आता," ते म्हणाले.

"असू द्या बाबा. तुमच्या मनात परत काही यायला नको."

आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. पेला रिकामा होईपर्यंत ती नेहमीसारखी शेजारी उभी होती. मान खाली घालून त्यांनी सगळं दूध संपवलं.