बुर्जीच्या डावातले प्यादे

मित्रांनो, मी बुद्धिबळातले एक जुने लाल प्यादे आहे. शेलूबाजारच्या सुताराने मला सागाच्या तुकड्यातून कातले आणि लाखेने रंगवले. रिठदच्या उकंडराव पाटलांच्या बैठकीत मी कौतुकाने वाढले.

ते प्लेगचे साल होते. पाटलांनी सामने भरवले होते आणि शेवटचा डाव ते स्वतः गावातल्या जगदेवशी खेळत होते. जगदेवने पहिली चाल माझी केली, राजापुढून एक घर. देशी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते, त्यामुळे डाव सावकाश उघडतो. प्यादी अजून समोरासमोरही आली नव्हती, तोच आढ्यावरून एक उंदीर पटाशेजारी पडला. तडफडला, निपचित झाला. त्याच्या अंगावरून पिसवा उतरून सतरंजीत शिरल्या. माणसे मात्र फक्त उंदराकडे पाहत होती.

उंदीर पडणे ही प्लेगची खूण, म्हणून गाव शेतातल्या झोपड्यांत निघाले होते. पण पाटलांचा हुकूम होता, डाव संपेपर्यंत एकही गाडी वेशीबाहेर जाणार नाही. जगदेवची बायको प्रयागबाई तान्हे लेकरू घेऊन गाडीत बसून होती.

दुपारी जगदेवकडे त्याचा राजा आणि मी, एवढेच उरलो.

"हारलो मी, पाटील. जाऊ द्या आता."

"कायले घाबरून राह्यला बे? उंदीर तुले खाते काय? प्यादेमात देतो, मंग जाय!"

प्याद्याने मात करणे हा मोठा मान. त्या हौसेपायी पाटील मला मारत नव्हते. कारण समोर नुसता राजा उरला की डाव बुर्जी, म्हणजे बरोबरीत सुटतो.

प्रयागबाई दारात आली. "अवो, शेजारच्या सोजरबाईच्या घरातबी उंदरं पडले! उठता, का मीच हाकू बैलं?"

जगदेवने पट निरखला. पाटलांचा राजा स्वतःच्याच हत्तीघोड्यांत कोंडला होता. जगदेवने मला पुढे सारले. "शह."

मला मारण्यावाचून पाटलांना चालच नव्हती. त्यांनी मला उचलले.

"बुर्जी झाली, पाटील," बघ्यांतले म्हातारे नानाजी म्हणाले. "डाव सरला. सोडा गाड्या."

"पुन्हा मांडा!" पाटील ओरडले. ऐकायला कोणी थांबले नाही.

मित्रांनो, आम्हाला जपा, मनसोक्त खेळवा. पण दारातून कोणी घाबरून हाक मारली, तर डाव तसाच टाकून उठा.

पाटील गावातच राहिले. रोज एकटेच पट मांडत, तीच बुर्जी चुकवायला बघत. एका सकाळी त्यांनी मला हाती घेतले आणि चाल विसरले. त्यांची मूठ तव्यासारखी तापली होती.