बर्फातले डास आणि भागूबाईची चूल

मित्रांनो, मी डास पकडायची काचेची नळी आहे. आता जुनी झाले, तोंडाचा टवका उडालाय. माझं कौतुक करू नका, मला ते सोसत नाही.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला रबरी नळी जोडली, मध्ये जाळीचं कापड लावलं आणि १९७२ साली अकोल्याच्या रानात आसारामच्या हाती दिलं. दुष्काळाचं साल, काम मिळालं म्हणून तो तयार झाला. धोतर गुडघ्यावर घेऊन झाडीत बसायचं, पायावर डास टेकला की तो चावायच्या आत मला लावून श्वास ओढायचा. डास माझ्या पोटात. रानातले डास कोणत्या तापाचे विषाणू बाळगतात, ते पुण्यात तपासणार होते. प्रयोगशाळेचे साहेब मात्र पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून लांब जीपपाशी उभे. मला त्यांचा पहिल्या दिवसापासून राग होता.

श्रावणात आसारामची सहा वर्षांची रंगू तापाने फणफणली. त्याच्या बायकोने, भागूबाईने जीप अडवली.

"पोरीला बगा की, सायेब."

"आमचं काम डासांचं आहे, बाई. आजाऱ्यांचं नाही."

एवढं बोलून साहेबांनी आठवड्याभरात धरलेल्या डासांच्या कुप्या बर्फाच्या थर्मासात भरल्या आणि उद्या नेतो म्हणून आसारामच्याच घरी ठेवल्या. डासांचं पुढे काय करतात, ते त्या घरात कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पहाटे रंगू गेली. तिला माती देऊन माणसं परतली, तोच भागूबाईने थर्मासातला बर्फ फेकला आणि अंघोळीच्या पाण्यासाठी पेटवलेल्या चुलीत कुप्या टाकल्या. आसाराम आडवा आला.

"ज्यांनी माजी पोर खाल्ली, त्येंना बरफात जपता व्हय?" ती म्हणाली. खुंटीवरून मी ऐकत होते. मला तिचंच पटलं.

दुपारी जीप आली. साहेब राखेकडे बघत राहिले.

"यातच तिच्या तापाचं नाव सापडलं असतं कदाचित. वाडीत आणखी चौघांना ताप आहे. आता तो ओळखायचा कशावरून?"

भागूबाई राखेत कुप्या चाचपू लागली. "ह्ये काल सांगाया काय झालं हुतं?"

आसारामने मला खुंटीवरून काढून साहेबांच्या हातात ठेवलं आणि घरात गेला.

मित्रांनो, कुणाचे पाय डासांपुढे उघडे ठेवायला सांगाल, तर आधी त्याच्या घरात बसा, कशासाठी ते सांगा. मला नंतर पुण्यात पुसून कापसात ठेवलं. त्या चौघांतले दोघे पोळ्याआधी गेले.